गाडीच्या रंगावरचं बारीक जाळं आणि पॉलिशिंग पॅडची निवड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी धुऊन सावलीत उभी केली की आरशासारखी दिसते. तीच उन्हात काढली की बॉनेटवर सूर्याभोवती कोळ्यानं विणल्यासारखं गोल जाळं दिसायला लागतं. ते काढायला स्वतःचं पॉलिशिंग मशीन घ्यायचं ठरवलं, की सगळ्यात आधी गोंधळ होतो तो त्यावर लावायच्या पॅडच्या बाबतीत. दुकानात निळे, पिवळे, काळे, पांढरे, नारिंगी पॅड एका रांगेत टांगलेले असतात आणि कोणतं कशासाठी, हे दहा जणांना विचारलं तर दहा उत्तरं मिळतात. मी पुण्यात हेच काम करतो. घरच्या घरी पहिल्यांदा मशीन हातात धरणाऱ्यांकडून जे प्रश्न सतत येतात, त्यांची उत्तरं इथे देतो आहे. चुकीच्या पॅडनं उडालेला रंग परत येत नाही, म्हणून काही ठिकाणी जरा लांबवर बोललो आहे.

हे जाळं म्हणजे नक्की काय असतं? ओरखडे गोल कसे पडतात?

ओरखडे गोल नसतात. ते सरळ, तिरके, कसेही पडलेले असतात. पण प्रकाशाच्या ठिपक्याला जे आडवे येतात तेवढेच उजळतात, बाकीचे लपतात, म्हणून डोळ्यांना गोलाकार जाळं दिसतं. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरून हळूहळू सरकवा, ते जाळंही टॉर्चबरोबर सरकेल. म्हणजे पूर्ण पॅनलवर, पत्र्याच्या त्या अख्ख्या भागावर, ओरखडे आहेत, आपल्याला फक्त प्रकाश पडतो तिथले दिसतात.

हे ओरखडे असतात सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये. कंपनीतून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा एक केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. पॉलिश करणं म्हणजे ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणणं. ओरखडा भरला जात नाही, त्याच्या कडा झिजवल्या जातात. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली, की पॅड निवडताना हात आपोआप मऊ पॅडकडे जातो.

माझ्या गाडीवरचे ओरखडे पॅडनं निघण्यातले आहेत का?

नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं तर तो ओरखडा खोल आहे, त्याच्या मागे लागू नका. पॉलिशनं त्याच्या कडा गोलसर होतील, तो कमी डोळ्यांत भरेल, तेवढ्यावर समाधान माना. नख अडकत नाही आणि ओरखडा फक्त उन्हात किंवा टॉर्चमध्ये दिसतो, तर तो हलक्या पॅडनं निघण्यातला आहे. रोज पुसून पडलेलं जाळं जवळजवळ नेहमी याच प्रकारात मोडतं.

पॅड किती प्रकारचे असतात?

फोम, मायक्रोफायबर आणि लोकर. हलक्या जाळ्यासाठी आपल्याला मुख्यतः फोम लागतो. मायक्रोफायबर आणि लोकर झपाट्यानं कापतात आणि मागे स्वतःच्या खुणा ठेवतात, त्या काढायला पुन्हा फोमच लावावा लागतो. फोममध्ये ढोबळ तीन पायऱ्या : कापणारा कडक पॅड, मधला पॉलिशिंग पॅड आणि शेवटचा मऊ फिनिशिंग पॅड.

पिवळा पॅड मऊ असतो की कडक?

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि याच्या चुकीच्या उत्तरानं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

पॅडच्या रंगाला कुठलाही सार्वत्रिक नियम नाही. प्रत्येक कंपनी आपापले रंग ठरवते. इटलीच्या रुपेसकडे निळा पॅड कडक, हिरवा मधला, पिवळा मऊ आणि पांढरा सगळ्यात मऊ. अमेरिकेच्या लेक कंट्रीच्या जुन्या मालिकेत पिवळा पॅड फोममधला सगळ्यात कडक, नारिंगी हलका कापणारा, पांढरा पॉलिशिंगचा आणि काळा फिनिशिंगचा. मॅग्वायर्सकडे मरून कापणारा, पिवळा मधला, काळा शेवटचा. थ्रीएमच्या मालिकेत पांढरा फोम कंपाउंडसाठी, म्हणजे जाड कणांच्या कापणाऱ्या पॉलिशसाठी, काळा पॉलिशसाठी आणि निळा शेवटच्या हातासाठी.

आता हे शेजारी शेजारी ठेवून बघा. रुपेसचा पांढरा सगळ्यात मऊ, थ्रीएमचा पांढरा कापणारा. रुपेसचा निळा कडक, थ्रीएमचा निळा एकदम मऊ. एखाद्या व्हिडिओत "पिवळा लावा" असं ऐकून तुम्ही दुसऱ्याच कंपनीचा पिवळा आणलात, तर मऊ पॅडच्या जागी घासणारा पॅड गाडीवर फिरेल. बिननावाचे, पाच रंगांचे संच ऑनलाइन मिळतात, त्यात तर कुठला रंग कुठल्या कडकपणाचा, हे बऱ्याचदा पाकिटावर लिहिलेलंही नसतं. म्हणून पॅडचं नाव आणि त्या कंपनीनं दिलेली पायरी वाचा, मगच विकत घ्या.

मग दुकानात पॅड हातात घेऊन काय बघायचं?

अंगठा आणि तर्जनीत पॅडची कड दाबा. कडक पॅड लगेच उसळून परत येतो, मऊ पॅड बोटाबरोबर दबतो आणि सावकाश वर येतो. दोन पॅड शेजारी धरून दाबले की फरक लगेच कळतो, एकटा धरला तर फसगत होते. दुसरं म्हणजे फोमची जाळी बघा. मोठ्या उघड्या छिद्रांचा फोम हवा खेळती ठेवतो, कमी तापतो. बारीक, बंद छिद्रांचा फोम पॉलिश पृष्ठभागावर धरून ठेवतो. तिसरं, वेल्क्रो नीट मध्यभागी चिकटवलाय का ते तपासा. स्वस्त पॅडमध्ये तो तीन-चार मिलिमीटर सरकलेला असतो आणि मग मशीन हातात नुसतं थरथरत राहतं.

कडेचा आकारही बघा. पॅडची कड आत वळलेली किंवा गोलसर असेल तर दरवाजाच्या हँडलजवळ, नंबर प्लेटच्या कोपऱ्यात काम करणं सोपं जातं.

सुरुवात कोणत्या पॅडनं करू?

हलक्या जाळ्यासाठी माझं उत्तर एकच : मधला पॉलिशिंग फोम आणि बारीक कणांचं पॉलिश. पण ते पूर्ण गाडीवर लावायचं नाही. आधी टेस्ट स्पॉट.

बॉनेटवर किंवा डिकीवर साधारण दीड फूट लांब-रुंद चौकोन मास्किंग टेपनं आखून घ्या. जागा सपाट असू द्या, कड आणि घडी टाळा. आधी गाडी नीट धुतलेली हवी आणि क्ले बारनं, म्हणजे चिकणमातीसारख्या वडीनं, चिकटलेली घाण काढलेली हवी. हात फिरवल्यावर खरखर लागत असेल तर पॅड लावूच नका, तीच खर पॅडमध्ये अडकून नवे ओरखडे पाडेल.

पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन बंद असतानाच पॅड चौकोनात चार ठिकाणी टेकवा, म्हणजे चालू केल्यावर शिंतोडे उडत नाहीत. कमी वेगावर पॉलिश पसरवा, मग डायल चार किंवा पाचवर न्या. हाताचा वेग एकदम सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर. नवीन माणूस इथेच चुकतो. तो इस्त्री फिरवल्यासारखा हात चालवतो आणि मग म्हणतो की पॅड चांगला नाही. आधी आडव्या ओळी, मग उभ्या, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढलेली. असे चार-पाच फेरे झाले की पॉलिशचा थर पातळ, जवळजवळ पारदर्शक दिसायला लागतो. तिथे थांबा आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापडानं पुसा.

आता टॉर्च लावा. टेपच्या आतलं आणि बाहेरचं शेजारी शेजारी दिसतं. आत ऐंशी-नव्वद टक्के जाळं गेलं असेल तर तुमची जोडी सापडली, हीच पूर्ण गाडीवर. काहीच फरक नाही, तर आधी पॉलिश एक पायरी वर न्या, पॅड तोच ठेवा. तरीही नाही, तर मग कडक पॅड. सगळंच एका फेऱ्यात गेलं आणि खाली धूसर डाग आला, तर तुम्ही गरजेपेक्षा जोरात गेलात. एक पायरी खाली या आणि दुसरीकडे नवा चौकोन आखा.

शंभर टक्के जाळं काढायचा हट्ट मी धरत नाही आणि तुम्हीही धरू नका. रोजच्या वापरातल्या गाडीवर शेवटचे दहा टक्के काढायला जेवढा क्लिअर कोट खर्च होतो, तेवढ्यात पुढच्या दोन हलक्या पॉलिश निभतात.

पॉलिश महत्त्वाचं की पॅड?

दोन्ही जोडीनं चालतात. तरी एक पर्याय निवडायचा झाला तर मी आधी पॅड बदलण्यापेक्षा पॉलिश बदलतो. कडक पॅडवर बारीक पॉलिश लावलं तरी पॅड स्वतः घासतो. मऊ पॅडवर जाडं कंपाउंड लावलं तर कण नीट काम न करता फोममध्ये मुरतात आणि असमान खुणा येतात. मधला पॅड दोन्ही पॉलिशबरोबर जुळवून घेतो, म्हणून घरच्या कामाला तोच सोयीचा.

कुठल्या गाडीचा रंग कडक आणि कुठल्याचा मऊ, हे आधी कळतं का?

ढोबळ अंदाज बांधता येतो. जर्मन गाड्यांचा क्लिअर कोट बहुधा कडक, जपानी गाड्यांचा बहुधा मऊ, असा या कामातल्या लोकांचा अनुभव आहे. मर्सिडीजनं २००३ च्या सुमारास सूक्ष्म सिरॅमिक कण असलेला क्लिअर कोट आणला, त्यावर ओरखडे कमी पडतात, पण पडलेले काढायला घामही जास्त गाळावा लागतो. मऊ रंगाचं उलटं असतं. जाळं झटक्यात निघतं, पण पॅड जरा कडक असला की त्याच्याच खुणा उठतात. एखाद्या मऊ काळ्या रंगावर तर कडक कापडानं पुसलं तरी रेघ उठते.

पण एकाच गाडीवरही फरक असतो. बंपर प्लास्टिकचा, त्याचा रंग वेगळ्या पद्धतीनं मारलेला. एखादा दरवाजा अपघातानंतर पुन्हा रंगवलेला. म्हणून बॉनेटवरचा टेस्ट स्पॉट बंपरला लागू होईलच असं नाही, तिथे छोटा दुसरा स्पॉट करा.

कोणतं मशीन असेल तर कोणता पॅड?

घरच्या कामासाठी ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए मशीन घ्या. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात झुलतोही. एकाच जागी घर्षण साठत नाही, त्यामुळे रंग जाळण्याचा धोका खूप कमी. हा झुला ८ मिलिमीटरचा असतो, किंवा मोठ्या मशीनमध्ये १५ आणि २१ मिलिमीटरचा. मोठ्या झुल्याची मशीन सपाट बॉनेटवर सुंदर चालते, पण दरवाजाच्या वळणावर पॅडची गिरकी थांबते आणि नुसती थरथर उरते. थरथरणारा पॅड काहीच काढत नाही. ते ओळखायला बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्यावर चिकटतो त्या चकतीच्या, कडेवर मार्करनं एक जाड काळी रेघ ओढा. रेघ फिरताना दिसली तर काम चालू आहे, जागच्या जागी थरथरताना दिसली तर दाब कमी करा किंवा पॅड पृष्ठभागावर सपाट धरा.

रोटरी मशीन नुसती गोल फिरते, मिनिटाला साधारण ६०० ते ३,००० फेरे. हात बसलेल्या माणसाच्या हातात ती अप्रतिम काम करते. शिकाऊ माणसानं ती स्वतःच्या गाडीवर शिकू नये.

ड्रिल किंवा ग्राइंडरला पॅड लावून चालेल का?

ग्राइंडरला कधीही नाही. चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतो. त्या वेगाला फोमचा पॅड फाटून उडतो आणि रंग क्षणात जळून खालचा प्रायमर दिसतो. वेग कमी करायची सोय नसलेलं कुठलंही यंत्र गाडीच्या रंगाजवळ आणू नका, मी अगदी हात जोडून सांगतो.

ड्रिलला पॅड लावता येतो आणि हेडलाइटची काच चमकवण्यापुरता तो चालतोही. पण ड्रिल एका हातात तिरका होतो, पॅडची एकच कड टेकते आणि तिथे चंद्रकोरीसारख्या खुणा उमटतात. बॉनेटसाठी तो वापरू नये.

पॅडचा आकार आणि जाडी कशी निवडायची?

बॅकिंग प्लेटपेक्षा पॅड थोडा मोठा हवा, म्हणजे प्लेटची कड रंगाला लागणार नाही. ५ इंची प्लेटवर साडेपाच इंची पॅड ही सर्वसाधारण गाडीसाठी सगळ्यात उपयोगी जोडी. काचांमधले खांब, आरशांखालची जागा आणि बंपरची वळणं यासाठी ३ इंची प्लेट आणि तिचे दोन पॅड जवळ असावेत.

जाड पॅड वळणावर नीट बसतो, पण मशीनचा झुला त्याच फोममध्ये जिरतो आणि ताकद रंगापर्यंत कमी पोहोचते. पातळ पॅडमध्ये ताकद पुरी पोहोचते, चुकाही पुऱ्या पोहोचतात. ८ मिलिमीटरच्या मशीनवर मी पातळ पॅडच सुचवतो.

किती पॅड विकत घेऊ?

पाच रंगांचा एकेक पॅड असलेला संच घेण्यापेक्षा मधल्या पायरीचे चार ते सहा पॅड आणि मऊ पायरीचे दोन पॅड घ्या. हा सल्ला ऐकून लोक थोडे निराश होतात, पण यामागे कारण आहे. एक पॅड तीन-चार पॅनलपर्यंत तापतो, भिजतो आणि त्यात झिजलेला क्लिअर कोट साचतो. मग तो कापत नाही, नुसता चोपडतो. तुम्ही जोर लावता, पॅड आणखी तापतो, वेल्क्रोमागचा गोंद सुटतो. ताजा पॅड लावला की तेच मशीन, तेच पॉलिश पुन्हा पहिल्यासारखं चालतं. एका गाडीला एक पॅड पुरवणारा माणूस शेवटच्या पॅनलवर पहिल्या पॅनलएवढं काम करू शकत नाही.

मायक्रोफायबर पॅड हलक्या जाळ्यासाठी घ्यावा का?

कडक रंगावर, फोमनं काही हलत नसेल तर. तो कमी फेऱ्यांत काम संपवतो. पण दोन अटी आहेत. प्रत्येक चौकोनानंतर तो ब्रशनं किंवा हवेनं साफ करायचा, नाहीतर धागे चिकटून त्यांचे गुठळे होतात आणि ते ओरखडे पाडतात. आणि त्यानंतर मऊ फोमचा एक हात द्यायचाच. मऊ रंगाच्या गाडीवर मी तो बाहेरच काढत नाही.

गॅरेजमध्ये रबिंग करून घेतलं तर? ते तर लोकरीनंच करतात.

माझ्या वडिलांच्या काळ्या सेडानचं असं झालं. दिवाळीआधी एका गॅरेजमध्ये "रबिंग-पॉलिश" करून आणली. संध्याकाळी घरी आली तेव्हा काचेसारखी दिसत होती. वडील दोनदा खाली जाऊन बघून आले. आठवड्यानं पहिल्यांदा धुतली, उन्हात उभी केली, तर दरवाजावर वरपासून खालपर्यंत लाटांसारखे तिरके पट्टे. नजर हलली की पट्टेही हलायचे. हे लोकरीच्या पॅडचे आणि रोटरीचे ठसे, त्यांना होलोग्राम म्हणतात. वरून तेलकट ग्लेज लावून ते बुजवले होते, शॅम्पूनं ग्लेज गेलं आणि पट्टे उघडे पडले. ते काढायला मला दोन दिवस लागले, मधला फोम आणि मग मऊ फोम. वडिलांचा चेहरा अजून आठवतो. मी या कामाकडे गंभीरपणे बघायला लागलो ते तेव्हापासून.

लोकरीचा पॅड वाईट नाही. पेंटिंगनंतर पाणीपेपरच्या, म्हणजे पाणी लावून घासायच्या सँडपेपरच्या, खुणा काढायला तोच लागतो. पण हलकं जाळं हे त्याचं काम नाही. कोणाकडे गाडी देणार असाल तर दोन प्रश्न विचारा : शेवटचा हात कुठल्या पॅडचा देणार, आणि गाडी उन्हात उभी करून दाखवणार का?

काम झाल्यावर खरंच जाळं गेलं की नुसतं झाकलं गेलं, कसं ओळखायचं?

बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं असतात, ती ओरखड्यात बसून तो तात्पुरता लपवतात. आयसोप्रोपाइल अल्कोहोल पाण्यात मिसळून १५-२० टक्क्यांचं मिश्रण करा, फवारा आणि स्वच्छ मायक्रोफायबर कापडानं हलकेच पुसा. मग टॉर्च लावा. जे दिसतं ते खरं. टेस्ट स्पॉटवर हे न चुकता करा.

नवा पॅड थेट वापरायचा का?

कोरडा नवा फोम घासतो. त्यामुळे पहिल्यांदा पॉलिशचा पातळ हात बोटांनी पूर्ण पॅडवर चोळून घ्या, फोमचं तोंड सगळीकडे ओलसर दिसलं पाहिजे. पुढच्या चौकोनांना दोन-तीन थेंब पुरतात. प्रत्येक चौकोनानंतर मशीन कमी वेगावर फिरवत मऊ ब्रश पॅडवर टेकवा. पांढरी पूड उडेल, ती म्हणजे सुकलेलं पॉलिश आणि तुमच्या गाडीचा क्लिअर कोट. हे दहा सेकंदांचं काम लोक टाळतात आणि नंतर धूसरपणाचं खापर पॅडवर फोडतात.

पॉलिश केल्यावर काळी गाडी धुरकट दिसते. पॅड चुकला का?

बहुतेक वेळा होय, किंवा पॅड घाण झाला होता. पॅडनं मोठे ओरखडे काढले आणि त्याजागी अतिशय बारीक ओरखडे सोडले, तोच धुरकटपणा. पांढऱ्या, चंदेरी गाडीवर तो दिसत नाही, काळ्यावर आणि गडद निळ्यावर लगेच दिसतो. स्वच्छ मऊ फिनिशिंग पॅड, सगळ्यात बारीक पॉलिश, कमी वेग आणि मशीनच्या स्वतःच्या वजनाएवढाच दाब. दोन-तीन फेऱ्यांत रंग पुन्हा खोल, ओला दिसायला लागतो.

पॅडवर गाडीचाच रंग उतरला. रंग जळला का?

घाबरण्याआधी गाडी आठवा. काही साध्या रंगांच्या गाड्यांवर, विशेषतः जुन्या गाड्यांवर आणि पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर, वेगळा क्लिअर कोट नसतो. तिथे पॅडवर लाल किंवा पांढरा रंग येणारच. पण मेटॅलिक गाडीवर पॅडला रंग लागला, तर क्लिअर कोट संपलाय. तिथेच थांबा, आता ते काम पेंटरचं आहे.

कडा आणि घड्या यांवर रंग सगळ्यात पातळ बसलेला असतो. बॉनेटच्या मधल्या उंच रेघा, दरवाजाची कड, चाकावरची कमान, यांवर टेप लावूनच पॅड फिरवा.

पुन्हा रंगवलेल्या दरवाजाला हाच पॅड चालेल का?

मऊ पॅडनं सुरुवात करा. कारखान्यात रंग साधारण १४० अंशांवर भाजला जातो. वर्कशॉपमध्ये गाडीत वायरिंग, प्लास्टिक, सीट सगळं असतं, म्हणून तिथे साधारण ६० अंशांवरच भागवतात आणि काही ठिकाणी नुसतंच हवेवर वाळवतात. असा रंग बरेच दिवस मऊ राहतो. महिना-दोन महिने थांबलात तर उत्तम. मॅट रंगाच्या गाडीला मात्र कुठलाच पॅड लावू नका, तिथे चमक आणली की तोच डाग. सिरॅमिक कोटिंग केलेल्या गाडीवर पॉलिश केलं तर कोटिंगही त्याबरोबर जातं.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात काही फरक करावा का?

एप्रिल-मे महिन्यात नागपूर, अकोला किंवा सोलापुरात उन्हातून आलेल्या बॉनेटला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल तर पॉलिश पॅडवरच सुकणार. अशा दिवसांत सकाळी सातच्या आत किंवा रात्री, सावलीत, पॅनल हाताला थंड लागेल तेव्हाच काम करा आणि चौकोन लहान घ्या. मोठ्या छिद्रांचा फोम यावेळी जास्त साथ देतो. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात उलटा त्रास, पॉलिश लवकर सुकत नाही आणि धुतलेले पॅड तीन-तीन दिवस ओले राहून कुबट वास मारतात. पंख्याखाली वाळवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात भरू नका. कोकणातली लाल माती काम चालू असताना उडत असेल तर ते काम दुसऱ्या दिवशी करा.

पॅड धुवायचे कसे आणि फेकायचे कधी?

कोमट पाणी, भांड्यांच्या द्रव साबणाचे चार थेंब, अंगठ्यानं दाबून मळ बाहेर काढायचा. पिळायचा नाही, पिळल्यानं फोम वेल्क्रोपासून सुटतो. नंतर रिकाम्या बादलीत मशीनवर हळू फिरवून पाणी उडवा आणि फोमचं तोंड खाली, वेल्क्रो वर असा सावलीत ठेवा, म्हणजे पाणी गोंदात मुरत नाही. कडक उन्हात किंवा गरम पाण्यात घातला की गोंद जातो.

दाबल्यावर फोम वर आला नाही, मध्ये खड्डा पडला, कड फाटली किंवा वेल्क्रो उचकटला, की पॅड फेका. खाली पडलेला पॅड धुतल्याशिवाय पुन्हा लावू नका. वाळूचा एक कण पुरतो.

एका गाडीला आयुष्यात किती वेळा पॉलिश करता येतं?

हलक्या पॅडनं आणि बारीक पॉलिशनं एका वेळी एक-दोन मायक्रॉन जातात, कडक जोडीनं त्याहून बरेच जास्त. ऊन झेलणारे संरक्षक घटकही याच थरात असतात, म्हणून तो शेवटपर्यंत खर्च करून चालत नाही. दर सहा महिन्यांनी पूर्ण गाडी मशीननं घासणाऱ्यांना मी थांबवतो. दोन-तीन वर्षांतून एकदा हलका हात, तोही टॉर्चमध्ये गरज दिसली तरच. जुनी गाडी विकत घेतली असेल तर जाडी मोजणारं मीटर असलेल्या माणसाकडून आधी मोजून घ्या.

हातानं घासून होणार नाही का?

एखाद्या हँडलच्या खोबणीतली नखांची जाळी, तेवढी होते. पूर्ण बॉनेट हातानं एकसारखं होत नाही.

एवढं करून दोन महिन्यांत जाळं परत आलं तर?

येतंच, कारण मूळ कारण बदललेलं नसतं. आमच्या सोसायटीत सकाळी सहाला गाड्या पुसणारे दादा येतात. एक बादली, एक फडका, तळमजल्यावरच्या पंचवीस-तीस गाड्या. पहिल्या गाडीला पाणी स्वच्छ असतं, विसाव्या गाडीला ते चहाच्या रंगाचं झालेलं असतं. त्या पाण्यातली सगळी वाळू फडक्यातून पुढच्या बॉनेटवर फिरते. त्यात दादांचा काही दोष नाही, तेवढ्या पैशांत आणि तेवढ्या वेळात दुसरं काही शक्यच नसतं.

मी त्यांना सांगितलं, "दादा, माझी गाडी रोज पुसू नका, पैसे तेवढेच घ्या, फक्त काचा आणि चाकं करा." आधी त्यांना वाटलं मी कामावर नाराज आहे. मग एका सकाळी त्यांना टॉर्च हातात देऊन माझं बॉनेट आणि शेजारच्या गाडीचं बॉनेट दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. आता रविवारी मी स्वतः आधी नुसत्या पाण्यानं धूळ सोडवतो, मग शॅम्पूची एक बादली आणि हातमोजा खळबळायची दुसरी बादली, वरून खाली, आणि मोठ्या मायक्रोफायबर टॉवेलनं न घासता टिपून घेतो. कोरड्या धुळीवर पिसांचा किंवा सुती झाडू फिरवणं पूर्ण बंद. गेल्या पावसाळ्याआधी केलेलं पॉलिश अजून टॉर्चमध्ये स्वच्छ दिसतं, आणि मधल्या पायरीचे चार पॅड धुऊन डब्यात तसेच पडून आहेत.